पाय भिजल्याशिवाय हाळी नाही

आमगाव,
१२ जानेवारी २०२५

रीता,

मामाचा आशीर्वाद घे. मामीचाही आहे, पण तो वेगळा लिहा म्हणते. "तुमच्यात माझा मिसळू नका, त्याले तारांचा वास येते."

तुझं पत्र परवा पोचलं आणि मी अंगणात जाऊन अँटेनाच्या बांबूला हात लावून आलो. फेब्रुवारीतल्या दर रविवारी तू अंदमानच्या एका बेटावरून रेडिओवर बोलणार! मोर्स शिकताना डोळ्यांत पाणी आणणारी पोरगी आता जगाला हवं असलेलं स्टेशन होणार. शाळेत विज्ञान शिकवून मी उभ्या आयुष्यात काय मिळवलं, असं कोणी विचारलं तर आता सांगायला काहीतरी आहे.

तुझी आई सुमित्रा हिवाळ्यापुरती तुझ्याकडे आली आहे, आणि माझी ही बहीण तुझी पत्रं वाचते हे मला ठाऊक आहे. तेव्हा तिच्यासाठी चार ओळी. बाई, मी फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. रीता बेटावरून बोलणार हे कळल्यापासून मी तिच्या आवाजाचा उपास धरलाय. फोनवर ऐकला तर हवेतून येणाऱ्या आवाजाची चव जाईल.

आणि दादा दिवसभर कॉम्प्युटरवर काय लिहितो, हेही सांगून टाकतो. आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा इंटरनेटवर जगभरचा एक फळा आहे, त्याला क्लस्टर म्हणतात. समजा आत्ता मला चिलीचा एखादा माणूस ऐकू आला. मी लगेच फळ्यावर लिहायचं: अमका माणूस, अमकी फ्रिक्वेन्सी, आमगावात ऐकू येतोय. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते जपानपासून इटलीपर्यंत दिसतं, आणि ज्याला तो हवा असेल तो तिथे कान लावतो. ना कोणी कोणाला पाहिलेलं, ना कोणाची कोणाला ओशाळगत. सेंदाईच्या कोबायाशींना माझ्या अशाच एका खबरीने तरुणपणापासून हुकत आलेलं स्टेशन मिळालं. त्यांनी आभाराच्या कार्डासोबत हिरव्या चहाची पुडी पाठवली. तुझ्या वहिनीने तो दूध-साखर घालून उकळला. चवीबद्दल न बोललेलं बरं.

नियम मात्र एकच, आणि तो आपल्या बाबांचा. आपण कोहळी, तलाव बांधणारी माणसं. तुडूमाचं दार उघडून तलावाचं पाणी पाटात सोडलं, की ज्याच्या धानाच्या बांधीत ते पोचेल त्याने पुढच्याला हाळी द्यायची. बाबा म्हणत, "पाय भिजल्याबिगर हाळी देऊ नोको गा." मी फळ्यावर तसंच वागतो. दुसऱ्याने ऐकलेलं मी कधी माझ्या नावावर लिहिलं नाही.

आता रीता, तुझ्यासाठी. राहुलने आम्हा दोघांना मार्च लागताच नागपूरला न्यायचं ठरवलंय. मामीचे गुडघे दुखतात, दवाखाना जवळ हवा. पोराचं बरोबर आहे. पण आठव्या मजल्यावरच्या त्या सोसायटीत गच्चीवर अँटेना चालत नाही, मी विचारून पाहिलं. म्हणजे बांबू उतरणार आणि माझं बोलणं संपणार. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तुझा आवाज हवेतून यावा आणि माझा तुझ्यापर्यंत जावा. एवढं झालं की मी मुकाट गाडीत बसेन.

तुझा,
उमरावमामा

---

पोर्ट ब्लेअर,
२१ जानेवारी

प्रिय मामा,

आईने तुमचं पत्र माझ्याआधी फोडलं. म्हणते, "दादाले सांग, उपास धरलाच आहे तर जरा पोटाचाही धर."

परवानगी हातात आली. आमच्या क्लबचे आम्ही चौघं दर शनिवारच्या बोटीने नील बेटावर जाऊ आणि रविवारभर बोलू. नारळाच्या दोन झाडांमध्ये तार ताणायची जागाही पाहून ठेवली. तिथे मोबाइलचं नेटवर्क मनात आलं तर येतं, त्यामुळे फळा आम्हाला दिसेलच असं नाही. आमची खबर जगाला द्यायला तुमच्यासारखेच लागतील.

मला भीती वाटते ती गर्दीची. अंदमान ऐकू आलं की हजारजण एकदम तुटून पडतात. मामा, तुमचा सेट जुना, तार बुटकी. त्या गलक्यात तुमचा आवाज कुठे शोधू? म्हणून एक सुचवते. रविवारी सुरुवातीलाच मी सगळ्यांना थांबवून म्हणेन, फक्त आमगाव, बाकीच्यांनी थांबा. एका मिनिटाचं काम. कोण काय म्हणेल?

सांगा, करू ना?

रीता

---

आमगाव,
२९ जानेवारी

रीता,

नाही. अजिबात नाही.

कोण काय म्हणेल, असं विचारतेस. मीच म्हणेन. बाबांच्या हातात तलावाचं पाणी होतं आणि आपली बांधी नेहमी शेवटी भिजायची. आई भांडायची, तर म्हणत, "वाटणाराच पहिले पिऊन राहिला तं बाकीचे कायले बारीत उभे राहतील?" तुझ्या हातात आता तुडूम आहे. कोणी कझाकस्तानातला पोरगा, कोणी इटलीतली म्हातारी तुझ्यासाठी सकाळपासून बसलेली असेल. मी बारीत उभा राहीन. नंबर लागला तर लागला.

मामी म्हणते, मी हट्टी आहे. तिला हे आत्ता कळलं याचं मला नवल वाटतं.

मामा

---

नील बेट,
३ फेब्रुवारी

मामा,

कालचा दिवस पार वाया गेला. अजून राग गेलेला नाही, अक्षर सांभाळून घ्या.

आम्ही सकाळी सुरू केलं तेव्हा सगळं छान होतं. गर्दी होणार म्हणून नेहमीच्या पद्धतीने ठरवलं होतं, की मी एका जागी बोलेन आणि ऐकेन डायलवर पाच पायऱ्या वर. लोकांनी हाका वर मारायच्या, म्हणजे माझी जागा मोकळी राहते आणि मी कोणाला उत्तर दिलं ते सगळ्यांना ऐकू येतं. दर दोन-तीन हाकांनंतर मी ते सांगत होते, "पाच वर ऐकते."

आणि कोणा गाढवाने फळ्यावर अर्धीच खबर टाकली! अंदमान, फ्रिक्वेन्सी, झालं. 'पाच वर' लिहिलंच नाही. जगातले सगळे माझ्याच डोक्यावर येऊन ओरडायला लागले. मी उत्तर देते ते कोणाला ऐकू जात नाही, म्हणून ते आणखी ओरडतात. कोणी ओरडणाऱ्यांना ओरडून गप्प करतोय. शेवटी सेट बंद करून आम्ही किनाऱ्यावर शहाळी पीत बसलो. दुपारी दुसऱ्या जागी गेलो, तोवर हवा उतरली होती, लांबचं काही येईना.

तुमचा आवाज शोधत होते, मामा. त्या कल्लोळात काय सापडणार? त्या गाढवाचा पत्ता मिळाला तर त्याला एक पत्र लिहायचं आहे.

रीता

---

आमगाव,
१० फेब्रुवारी

रीता,

गाढवाचा पत्ता तुझ्याकडे आहे. आमगाव, भैय्यालालच्या पीठगिरणीशेजारी.

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण तुला नेटवर्क आलं की फळ्यावर माझं नाव दिसेलच. झालं असं. मी डायल फिरवत होतो आणि एकदम तू. तुमच्या स्टेशनचा कॉलसाइन सांगितलास, आणि त्यातला तो 'र' तू लहानपणी म्हणायचीस तसाच. माझे डोळे भरून आले. मामीला हाक मारली, "अवं ऐक, रीता बोलून राहिली!" आणि दुसऱ्या हाताने खबर टाकली. कानांनी ऐकलं तेवढंच लिहिलं, नियमाप्रमाणे. पाय भिजले होते गं. पण पाणी कुठे वळवलंय ते पाहायला एक क्षण थांबलो नाही. तुझं पुढचं वाक्य ऐकायच्या आत मी जगाला बोलावून बसलो होतो.

इतक्या वर्षांत माझी खबर चुकली नव्हती. म्हणून तर लोक तिच्यावर डोळे मिटून धावले.

काल, दुसऱ्या रविवारी, मी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. दिवसभर पाच वर हाका मारत बसलो. तू मला ऐकू येत होतीस, भैय्यालालच्या चक्कीची घरघर मधेमधे खात होती तेवढंच. त्याने विचारलं, "मास्टरजी, चक्की बंद कर दूँ क्या?" बाया धान घेऊन ओळीने बसलेल्या, त्यांना कुठे परत पाठवणार? नको म्हटलं. तू दरवेळी दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलंस.

संध्याकाळी कोबायाशींचा निरोप आला, आज आमगाव गप्प का? मी जे खरं ते लिहिलं. ती माझी भाची आहे, माझ्याच खबरीने तिला बुडवलं, आणि महिनाअखेर माझा बांबू उतरतोय. त्यांनी एवढंच लिहिलं, "समजलं."

आता खबरी टाकणं बंद. ज्याची हाळी चुकली त्याने गप्प बसावं.

मामा

---

पोर्ट ब्लेअर,
१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

गाढव मी. पत्र आईला वाचून दाखवलं तर तिने मलाच फैलावर घेतलं. "माझ्या दादाले गाढव म्हणते!" मी म्हटलं, मला कुठे माहीत होतं. तर म्हणे, "माहीत नसताना तं मुळीच म्हणू नये."

तुम्हाला एक विचारते, रागावू नका. मी तुमच्याकडे पहिल्यांदा सेटसमोर बसले तेव्हा मला नुसती खरखर ऐकू यायची. तुम्ही म्हणालात, खरखरीच्या मागे ऐक, तिथे माणूस आहे. तो ऐकू आला तर दुसऱ्यालाही सांग. हे सांगणारा माणूस एका अर्ध्या खबरीने गप्प बसणार असेल, तर मी माझ्या शाळेतल्या पोरींना काय शिकवू? खबरी टाका, मामा. तुम्ही गप्प बसलात तर आमगाव कुठे गेलं म्हणून लोक विचारतात, कोबायाशींनीच विचारलं ना?

कालही तुम्हाला शोधलं, नाही सापडलात. आता एकच रविवार उरला. मी मावळतीपर्यंत बसेन. त्या वेळी हवा चांगली असते, हेही तुम्हीच सांगितलेलं.

रीता

---

आमगाव,
२४ फेब्रुवारी

रीता! रीता! रीता!

हे कार्ड नाही, पत्र आहे. कार्ड वेगळं पाठवतो, रीतसर छापलेलं. दोन स्टेशनांचं बोलणं झालं की कार्ड पाठवायचं, हा धर्म आहे.

आधी तुला सगळं सांगतो, कारण तिकडून तुला काय दिसलं असणार! दुपारभर हाका मारून घसा बसला होता. मामीने आल्याचा काढा दिला आणि म्हणाली, "पुरे करा आता, काऊन जीवाले खाऊन राहिले?" ऊन तिरपं झालं आणि गावाची लाइट गेली. झालं, म्हटलं, संपलं. पण शेजारच्या खुशालने त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली होती, देव त्याचं भलं करो. सेट तिच्यावर जोडला. कॉम्प्युटर बंद, फळा बंद, आणि मजा म्हणजे भैय्यालालची चक्कीही बंद. आमगावात कधी नव्हे अशी शांतता.

आणि बघ, लाइट जाण्याचा केवढा उपयोग! चक्कीची घरघर गेल्याबरोबर सगळा गलकाच निवळला. वरच्या जागेवर मघापासून शेकडो जण कोकलत होते, ते जणू चहाला गेले. मी कॉलसाइन म्हटला. पुन्हा म्हटला. आणि तू माझी अक्षरं एकेक करून परत म्हणालीस. "मामा, पाच-दोन."

अगं, तू मला दोन दिलेस! मी तुला सगळ्यांना पाच-नऊ देताना ऐकत होतो. रिवाजच आहे तो, कसाही ऐकू येवो, नऊ द्यायचे आणि पुढच्याला घ्यायचं. मला मात्र खरं सांगितलंस. शब्द सगळे कळताहेत, आवाज जेमतेम आहे. नऊ दिले असतेस तर मी इतका खूश झालो नसतो. मीही तुला खरे पाच-चार दिले. आणि मग जगाशी बोलायची सगळी इंग्रजी विसरून तोंडातून निघालं, "जेवलीस काय वं?" तू म्हणालीस, "हो मामा." बस्स.

मामी दाराशी उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग माझ्यावरच ओरडली, की एवढा महिनाभर जीव टांगला तो हे विचाराले?

तर असं. ट्रॅक्टरची बॅटरी, बुटकी तार आणि म्हातारा बांबू. कोण म्हणतं जुन्या सेटमध्ये दम नाही? परवा राहुल येतोय, बांबू मीच उतरवणार. आता काही वाटणार नाही.

मामा

---

पोर्ट ब्लेअर,
४ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं असेल. आधी ठरवलं होतं, तुमचा बॅटरीचा आणि बांबूचा आनंद तसाच राहू द्यायचा. पण तुम्ही मला दोन दिलेले आवडले म्हणता, तेव्हा हेही खरंच सांगते.

गलका लाइट गेल्यामुळे निवळला नाही, मामा. तो इथेही बंद झाला.

मी मधमाश्यांचं मोहोळ ऐकत बसावं तशी बसले होते, आणि एकाएकी काही नाही. मला वाटलं सेट गेला. तारेचा सांधा हलवला, कानावरचा हेडफोन काढून पुन्हा घातला. शेजारी आमच्या क्लबचा मुरुगन मोबाइल घेऊन बसला होता. त्या दिवशी नेटवर्क मनात आलं होतं. तो म्हणाला, हात लावू नकोस, फळा बघ.

फळ्यावर कोबायाशींची खबर होती. त्यांनी माझी खबर टाकली नव्हती, तुमची टाकली होती. "पाच वर आमगावचे उमराव. सेंदाईत ऐकू येताहेत, फार क्षीण. अंदमानातली ती त्यांची भाची. त्यांचा अँटेना या आठवड्यात उतरणार आहे. कृपया सगळ्यांनी थांबा." त्याखाली फिनलंडहून कोणी लिहिलं, मी थांबलो. मग इटली, थांबलो. पर्थ, थांबलो, त्यांच्या खबरीने मला चार देश मिळाले आहेत. कझाकस्तान. बल्गेरिया. नावं वर सरकत होती, मुरुगन वाचत होता आणि माझ्या कानात शांतता वाढत होती. यातले कितीतरी महिनाभर माझ्यासाठी बसले होते, मामा, आणि तो शेवटचा रविवार होता. हवा कधीही उतरेल हे त्यांनाही ठाऊक होतं. कोणी सांगितलेलं नाही, कोणाचा हुकूम नाही. माणसं नुसती बारीतून एक पाऊल मागे सरकली.

आणि त्या शांततेत तुम्ही होतात. मी रडत होते म्हणून अक्षरं एकेक करून परत म्हटली. तुम्हाला वाटलं असेल मी नीट खात्री करून घेतेय.

तुम्ही "जेवलीस काय वं" म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलं. मी पुढचा माणूस घ्यायच्या आत कोबायाशींनी फळ्यावर विचारलं, उमराव शेवटी काय म्हणाले? मुरुगनने मला विचारून उत्तर टाकलं. आमच्याकडे कोणाची चौकशी कशी करतात तेही मी त्यांना नंतर लिहून पाठवलं आहे.

त्यानंतर अंधार पडेपर्यंत एकेकाला घेतलं. फिनलंडचा राहिला. मी त्याला पत्र लिहून माफी मागितली, तर म्हणतो, मला ते बोलणं मिळालं, तेवढं पुरे.

आई तुमच्यासाठी नारळाच्या वड्या पाठवते आहे. उपास सुटला ना?

रीता

---

नागपूर,
१६ मार्च

रीता,

वड्या पोचल्या. उपास सुटला. फोनही आता करीन, पण हे फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून पत्र.

तुझं पत्र इथे आल्यावर हातात पडलं. वाचलं आणि दोन दिवस सामानाची खोकी उघडली नाहीत. मामीला वाटलं, गाव सुटलं म्हणून. मला माझ्याच फुशारकीची लाज वाटत होती. आणि लाजेहून मोठं असं काहीतरी होतं, त्याला नाव सापडेना. मी तुला म्हटलं होतं, बारीत उभा राहीन. ती सगळी बारीच माझ्यासाठी बाजूला होईल, हे माझ्या बापाच्याने कल्पवलं नसतं. बाबांना कळलं असतं तर म्हणाले असते, "एवढे पाणी वाटलो, पण असा गाव नाही भेटला गा."

इथे सामान लावता लावता एक शोध लागला. आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची तार आहे. बोलायला अँटेना लागतो, ऐकायला काय, हातभर तार पुरते. मी सेटचं टोक तिला गुपचूप जोडलं. मामीने त्यावर लुगडं टाकलं तरी पर्थ ऐकू येतं. ओलं असलं तर जरा कमी. सोसायटीचा चौकीदार खालून पाहून गेला, त्याला फक्त लुगडं दिसलं.

तर आज रविवार. मावळतीला मी फळा उघडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. ज्यांना मी ऐकलं नाही, त्यांची खबर टाकली. लिहिलं: "२३ फेब्रुवारी, आमगाव. तुम्ही सगळे. तुमच्यातला एकही ऐकू आला नाही. उमराव ऋणी आहे."

मामीने भाताचं आधण ठेवलं. मग सेंदाईहून एकच ओळ आली, इंग्रजी अक्षरांत, पण भाषा आपली. हा तुझा उद्योग. "उमराव, जेवलास काय गा?"

मामीला दाखवलं. ती हसत म्हणाली, "सांगून टाका, जेवलो म्हणून. बिचारा वाट पाहून राहिला असंल." पण जेवण व्हायचं होतं, भात अजून गॅसवर होता, आणि एका दिवसात नियम दोनदा कसा मोडायचा?

म्हणून आधी जेवलो, मग कळवलं.

तुझा,
उमरावमामा